प्रॉडक्शन हाऊसमध्ये समान संधी: कास्टिंगच्या मेसेजपासून शेवटच्या पेमेंटपर्यंत

मालिका, जाहिरात किंवा चित्रपट बनवणाऱ्या कंपनीत प्रत्येक प्रोजेक्टला माणसं नव्याने गोळा होतात. ऑफिसात वीस-पंचवीस जण पगारावर असतात, पण शूट लागलं की सेटवर ऐंशी जण दिसतात. त्यातले बरेच रोजंदारीवर किंवा कंत्राटावर आलेले असतात, आणि येतात ते फोनवरून. रात्री कुणीतरी एचओडी (विभागप्रमुख) फोन लावतो, ‘उद्यापासून एक पोरगा पाठव’, आणि ज्याची ओळख त्याला काम मिळतं. जात, रंग, भाषा, गाव, लिंग यांवरून होणारा भेदभाव इथे कुणी ठरवून करायची गरजच पडत नाही, कारण ओळखीचं वर्तुळ बहुधा एकाच प्रकारच्या माणसांचं असतं. म्हणूनच समान संधीचं धोरण एचआरच्या फाइलीत ठेवून काही साधत नाही. जे कागद रोज हातोहात फिरतात त्यांतच ते उतरायला हवं, म्हणजे कास्टिंग ब्रीफ (कसा कलाकार हवा ते सांगणारा मेसेज), बजेट, करार आणि कॉल शीट (त्या दिवसाच्या शूटचा तपशील देणारा कागद) यांत. पुढचे टप्पे मुंबई-पुण्यातली मध्यम आकाराची कंपनी डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहेत.

आधी कायदा समजून घ्या

खासगी नोकरी देताना जात, वंश, धर्म किंवा रंग पाहू नये असं सांगणारा एक सर्वंकष कायदा भारतात नाही. राज्यघटनेचं कलम १६ सरकारी नोकरीपुरतं आहे. खासगी कंपनीला जे लागू होतं ते तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं आहे.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण तो कुठवर पोचतो ते थोड्यांनाच माहीत असतं. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती हवीच. ‘कर्मचारी’ या शब्दात रोजंदारीवरचे, कंत्राटदारामार्फत आलेले आणि शिकाऊही येतात. कंपनीने दिलेली गाडीसुद्धा ‘कामाची जागा’ असते. समितीच्या अध्यक्ष वरिष्ठ पदावरच्या महिला असाव्या लागतात, किमान निम्म्या सदस्य महिला असतात आणि एक सदस्य बाहेरचा, स्वयंसेवी संस्थेतला किंवा या विषयाची जाण असलेला असतो. चित्रपटाच्या प्रत्येक निर्मिती युनिटमध्ये अशी समिती हवी, असं केरळ उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये स्पष्ट केलं. तो निकाल महाराष्ट्रावर थेट बंधनकारक नसला तरी रीत म्हणून तीच बरोबर आहे. अंधेरीच्या ऑफिसातली समिती वाईत चाललेल्या शूटवरच्या हेअर ड्रेसरच्या उपयोगाची नसते.

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करायला सांगतो. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात सोयीसुविधा, निवडीची पद्धत आणि संपर्क अधिकारी यांचाही उल्लेख लागतो. धोरण संकेतस्थळावर किंवा ठळक जागी लावायचं असतं आणि त्याची प्रत अपंग व्यक्तींसाठीच्या आयुक्तांकडे नोंदवायची असते. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार अधिकारी नेमावा लागतो. वेतन संहिता, २०१९ नुसार सारख्या कामासाठी लिंगावरून वेतनात किंवा भरतीत भेद करता येत नाही.

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे. या समाजांतल्या व्यक्तीला बाहेरच्या कुणी चारचौघांसमोर जातीवाचक शिवीगाळ केली किंवा हेतुपुरस्सर अपमान करून हिणवलं, तर तो गुन्हा आहे, आणि भर सेटवर हाक मारून केलेला अपमान चारचौघांसमोरच होतो. अशा गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. कंपनीची समिती स्वतःची कारवाई करू शकते, पण पोलिसांत जाऊ नको असं सांगण्याचा अधिकार तिला नाही. ‘आपल्या घरातलं आहे, आपण मिटवू’ हे वाक्य प्रॉडक्शन मॅनेजरच्या तोंडी येणारच असं धरा आणि असं मिटवता येत नाही हे त्याला आधीच समजावून ठेवा.

भरतीतली जात, रंग, प्रांत, उच्चार या बाबतींत कायदा अपुरा पडतो. तिथे करारच कामी येतो. प्रत्येक एचओडी, दिग्दर्शक आणि मुख्य कलाकाराच्या करारात तीन ओळी घाला: कोणत्या आधारांवर भेदभाव चालणार नाही, त्या आधारांची यादी (जात, धर्म, वंश, रंग, प्रांत, भाषा, लिंग, लैंगिक ओळख, अपंगत्व, वय), चौकशीला सहकार्य बंधनकारक, दोष सिद्ध झाल्यास करार संपवण्याचा कंपनीचा हक्क. शेवटच्या हप्त्यातले दहा टक्के चौकशी संपेपर्यंत राखून ठेवता येतील असंही लिहून घ्या. पैसे हातात असतात तेवढाच काळ कलम चालतं.

माणसं मोजा, पण आडनावावरून नाही

सध्या काय आहे ते माहीत नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. एका पानाचा निनावी, ऐच्छिक फॉर्म करा. विभाग, हुद्द्याचा स्तर (एचओडी, सहाय्यक, रोजंदारी), लिंग, सामाजिक प्रवर्ग, अपंगत्व, घरी बोलली जाणारी भाषा, आणि हे काम कसं मिळालं: ओळखीने, जाहिरातीतून की संघटनेमार्फत. प्रत्येक प्रश्नाला ‘सांगायचं नाही’ हा पर्याय ठेवा. नाव, आडनाव, मोबाइल विचारू नका. ज्या गटात पाचपेक्षा कमी माणसं आहेत त्याचा आकडा वेगळा छापू नका, नाहीतर ‘साउंडमधला तो एकच’ हे सगळ्यांना लगेच कळतं.

दोन गोष्टी इथे हमखास बिघडतात. पहिली, कुणीतरी क्रू लिस्ट घेऊन आडनावांवरून प्रवर्ग भरायला बसतं. हे चुकीचंही आहे आणि अपमानकारकही. दुसरी, कंपनीभरचा एकच आकडा काढला जातो. स्पॉट (सेटवर चहा-पाणी बघणारे), सेटिंग आणि सफाईत दलित-बहुजन माणसं भरपूर, तर लेखन, दिग्दर्शन, कॅमेऱ्यात जवळजवळ नाहीत, अशा कंपनीची एकूण सरासरी उत्तम दिसते. म्हणून आकडा नेहमी स्तरानुसार मांडा.

भरती: फोनच्या आधी चार ओळी

फोनवरून भरती बंद होणार नाही. उद्या सकाळी सहाला शिफ्ट असेल तर जाहिरात देऊन माणूस मिळत नाही. ज्या जागा एका आठवड्याहून जास्त काळाच्या आहेत, त्यांच्यासाठी मात्र नियम करा. कामाचं वर्णन, दर, शिफ्टचे तास आणि ठिकाण या चार ओळी लिहून किमान सात दिवस खुल्या ठेवा. त्या फक्त आपल्या ग्रुपवर न टाकता जिल्ह्यांतल्या नाट्यसंस्था, विद्यापीठांचे पत्रकारिता आणि ललित कला विभाग, कोल्हापूर-नागपूर-छत्रपती संभाजीनगरकडचे लघुपट करणारे गट यांच्यापर्यंत पोचवा. दर लिहिल्याशिवाय जाहिरात देऊ नका. ‘बोलून ठरवू’मध्ये ज्याला भाव करायची सवय नाही त्याचं नुकसान ठरलेलं असतं.

आलेल्या अर्जांतून आडनाव, फोटो, पत्ता आणि कॉलेज झाकून यादी करा. ऑफिसातली एक व्यक्ती हे तासाभरात करू शकते. मग सगळ्यांना तेच काम द्या, पैसे देऊन: सहाय्यक संकलकाला दहा मिनिटांचं फुटेज, लेखकाला एका प्रसंगाची दोन पानं, एडीला (सहाय्यक दिग्दर्शकाला) एका दिवसाचं वेळापत्रक. दोघांनी वेगवेगळे गुण द्यावेत आणि नंतरच एकमेकांशी बोलावं. आधी बोललं की वरिष्ठाचं मत दोघांचं होतं.

मुलाखतीत ‘पूर्ण नाव काय?’, ‘मूळचे कुठले?’, ‘वडील काय करतात?’, ‘नॉनव्हेज खाता का?’ हे प्रश्न काढून टाका. महाराष्ट्रात जात विचारायची वाट बहुतेक वेळा याच चार प्रश्नांतून जाते आणि समोरच्याला ती बरोबर कळते. लग्न कधी, मूल कधी, रात्रीच्या शिफ्टला घरचे सोडतील का, हेही नाही. रात्रीची शिफ्ट आहे एवढं सांगा, जमेल का ते उमेदवार ठरवेल.

कामगार संघटनेच्या सदस्यत्व कार्डाचा मुद्दा आला तर एक निकाल लक्षात ठेवा. मुंबईत मेकअप आणि हेअरच्या कामगारांच्या संघटनेत महिलांना फक्त हेअर ड्रेसरचं कार्ड मिळायचं, मेकअप आर्टिस्टचं नाही. शिवाय महाराष्ट्रात पाच वर्षं वास्तव्याची अट होती. चारू खुराना यांच्या याचिकेवर १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही अटी घटनाबाह्य ठरवल्या. तोवर कितीतरी महिलांनी लपूनछपून मेकअपचं काम केलं होतं. ‘इथे असंच चालतं’ एवढंच कारण देऊन आजही कुणाला अडवलं जात असेल, तर हा निकाल दाखवा.

कास्टिंग ब्रीफ

सगळ्यात उघड वर्णभेद इथे लिहून ठेवलेला असतो. ‘मुलगी, २० ते २५, फेअर, शार्प फीचर्स, अपमार्केट लुक’ असा मेसेज कोऑर्डिनेटरच्या (कलाकार पुरवणाऱ्याच्या) ग्रुपवर पडला की सावळ्या मुली ऑडिशनलाच येत नाहीत, आणि मग ‘आमच्याकडे आल्याच नाहीत’ असं खरं खरं म्हणता येतं. ब्रीफ पात्रावरून लिहा: ‘मुलगी, २० ते २५ दिसणारी, जिल्हा बँकेत नोकरी, घरात थोरली, पटकन चिडते, सायकल चालवता यावी. कोणताही रंग, कोणतीही बोली.’ शेवटची ओळ लिहिणं गरजेचं आहे. ती नसेल तर कोऑर्डिनेटर सवयीने गोऱ्याच मुली पाठवतो.

उलटी अडचणही तितकीच मोठी आहे. गोरा कलाकार घ्यायचा आणि गरीब, दलित किंवा आदिवासी पात्रासाठी त्याला तपकिरी रंग फासायचा, ही रीत थांबवा. ईशान्येकडचा चेहरा फक्त वॉचमन, पार्लरवाली किंवा ‘चिनी’ म्हणून, आफ्रिकी वंशाचा माणूस फक्त अमली पदार्थ विकणारा म्हणून, असं होत असेल तर कास्टिंगच्या आधी पटकथेतच हात घालावा लागेल. त्यासाठी एक चाचणी उपयोगी पडते. पटकथेतली सगळी पात्रं एका तक्त्यात मांडा: आडनाव, व्यवसाय, बोली, किती संवाद, हसवतो की हसवला जातो. मोलकरीण नेहमी बोलीत आणि मालकीण नेहमी प्रमाण मराठीत. वऱ्हाडी बोलणारा कायम विनोदी. चोराचं आडनाव विशिष्ट समाजाचं आणि डॉक्टर-वकिलाचं दुसऱ्याच. तक्त्यात हे दहा मिनिटांत दिसतं, वाचताना वर्षभर दिसत नाही.

आदिवासी पाड्यावरची गोष्ट असेल तर त्या समाजातला सल्लागार लेखनाच्या टप्प्यावर घ्या, पैसे देऊन आणि नाव देऊन. शूटच्या आदल्या दिवशी बोलावलेला सल्लागार फक्त दागिने बरोबर की चूक एवढंच सांगू शकतो. जाहिराती करत असाल तर ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वं क्लायंटच्या पहिल्याच बैठकीत टेबलावर ठेवा: सावळ्या रंगाची व्यक्ती दुःखी, अनाकर्षक किंवा अपयशी दाखवता येत नाही. अपंग व्यक्तींच्या पडद्यावरच्या चित्रणाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. अपंगत्व समजून घ्यायला मदत करणारा विनोद आणि अपंग व्यक्तीला हिणवणारा विनोद यांत न्यायालयाने फरक केला आहे, तो लेखकांच्या टेबलावर वाचून घ्या.

उच्चारांबद्दल थोडं सविस्तर. ‘पाणी’चं ‘पानी’ झालं म्हणून ऑडिशनला बाद करणं ही आपल्याकडची जुनी, सभ्य दिसणारी चाळणी आहे. ऑडिशनच्या कागदावर दोन वेगळे रकाने करा: शब्द स्पष्ट ऐकू येतात का, आणि पात्राची बोली जमते का. पहिल्यात कमी असेल तर ते खरोखरचं कारण. दुसऱ्यात कमी असेल आणि पात्र पुण्याच्या प्राध्यापकाचं असेल, तर भाषा प्रशिक्षकाचे चार-पाच दिवस बजेटमध्ये धरा. पुण्याच्या कलाकाराला मालवणी किंवा अहिराणी शिकवायला आपण प्रशिक्षक देतोच, तीच सोय दुसऱ्या बाजूनेही द्या.

मेकअप, प्रकाश आणि ग्रेड

निवड झाली म्हणजे संपलं नाही. सावळा कलाकार घेतला आणि पडद्यावर त्याचा चेहरा राखाडी दिसला, तर चॅनेल म्हणतं ‘हा चेहरा चालत नाही’ आणि पुढच्या वेळी ब्रीफ पुन्हा ‘फेअर’वर येतं. हा दोष चेहऱ्याचा नसतो.

फाउंडेशन मनगटावर न लावता जबड्याच्या कडेला लावून बघा, सेटच्याच दिव्यांत. दहा-पंधरा मिनिटं थांबा, कारण हवेने ते गडद होतं. एक-दोन शेड उजळ लावली किंवा गुलाबी झाकेची लावली की सावळ्या त्वचेवर राखेसारखा थर दिसतो आणि मान वेगळी, चेहरा वेगळा होतो. पिवळसर आणि सोनेरी झाकेच्या गडद शेड किटमध्ये हव्यात. त्या नसतील तर कलाकार स्वतःचं सामान घेऊन येतो, आणि तो खर्च त्याने का सोसावा? किटचे पैसे बजेटमध्ये वेगळ्या ओळीत लिहा. झिंक किंवा टायटॅनियमचं प्रमाण जास्त असलेलं सनस्क्रीन आणि सिलिकाची पांढरी पावडर कॅमेऱ्यात पांढरट झाक देतात, त्यांची आधी टेस्ट घ्या. कुरळे केस आले की सरळ करायचे, हा आपोआप होणारा निर्णयही थांबवा.

प्रकाशात नुसती तीव्रता वाढवून भागत नाही. त्याने भिंत आणि पांढरा शर्ट फाटतात, म्हणजे नुसते पांढरेफेक दिसतात, चेहरा तिथेच राहतो. सावळी त्वचा चमकेतून आकार दाखवते, म्हणून मोठा, मऊ स्रोत थोडा बाजूने द्या, म्हणजे गालावर आणि कपाळावर त्याची रुंद झळाळी येते. पावडरने सगळी चमक मारून टाकू नका. मागची भिंत चेहऱ्याच्याच छटेची असेल तर कडेने हलका दिवा देऊन चेहरा वेगळा काढा. दोन वेगळ्या रंगांचे कलाकार एका फ्रेममध्ये असतील तर सावळा कलाकार मुख्य दिव्याच्या जवळ उभा करा, आणि गोऱ्यावरचा उजेड नेट (दिव्यापुढची जाळी) लावून अर्ध्या स्टॉपने (स्टॉप म्हणजे उजेडाचं माप) खाली आणा. नेहमी उलटं होतं: एक्स्पोजर गोऱ्या चेहऱ्यावर लावलं जातं आणि दुसरा अंधारात जातो. कॅमेरा टेस्टचा अर्धा दिवस सगळ्या मुख्य कलाकारांना एकत्र उभं करून घ्या. त्या टेस्टचं पसंत केलेलं स्टिल कलरिस्टला (शूटनंतर चित्राचे रंग जुळवणाऱ्याला, म्हणजे ग्रेड करणाऱ्याला) द्या आणि लिहून सांगा की सगळे चेहरे एका उजळ पातळीवर ओढायचे नाहीत.

पैसे

टीव्हीत पेमेंट नव्वद दिवसांनी होतं, ही रीत सगळ्यांना माहीत आहे. ज्याला घरचा आधार आहे, मुंबईत नातेवाइकांचं घर आहे, तो तीन महिने काढतो. ज्याला नायगावला खोलीचं भाडं दर महिन्याला भरायचं आहे तो दुसऱ्या महिन्यात गावी परत जातो. समान संधीचा एवढा मोठा अडथळा असूनही धोरणांत तो कधी लिहिलेला सापडत नाही. किमान एवढं करा: ठरावीक मानधनाखालच्या सगळ्यांना, म्हणजे सहाय्यक, शिकाऊ आणि रोजंदारीवरच्यांना, पंधरा दिवसांत पैसे. चॅनेलचं पेमेंट यायच्या आधी ही रक्कम लागते, तेव्हा बजेट करतानाच खेळत्या भांडवलात ती वेगळी धरा. कन्व्हेयन्स (जाण्यायेण्याचे पैसे) त्याच दिवशी द्या.

फुकट इंटर्न घेऊ नका. फुकट काम ज्याला परवडतं त्याच्यासाठीच दार उघडं राहतं. दराचा तक्ता हुद्द्यानुसार बनवा आणि त्यातली खालची-वरची मर्यादा सगळ्यांना दिसू द्या.

सेट

स्पॉटदादांच्या पाण्याचा कॅन वेगळा, ज्युनिअर आर्टिस्टचं जेवण वेगळ्या भांड्यांत, लाइटमननी मॉनिटरजवळच्या खुर्चीत बसायचं नाही. हा उतरंडीचा भाग म्हणून सांगितला जातो, पण आपल्या समाजात वेगळ्या पाण्याचा आणि वेगळ्या भांड्यांचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पाणी एक, ताटं एकाच प्रकारची, जेवणात शाकाहारी-मांसाहारी दोन्ही, आणि ‘शाकाहारी ऑफिस’ असा नियम नाही.

स्वच्छतागृहं मोजा. केरळच्या हेमा समितीच्या अहवालात (डिसेंबर २०१९ मध्ये सादर, ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर) महिलांसाठी सेटवर शौचालय आणि कपडे बदलायची जागा नसण्याचा प्रश्न ठळकपणे आला. बाहेरगावी शूट असेल तर रेकीच्या (लोकेशनच्या आधीच्या पाहणीच्या) कागदावरच रकाना ठेवा: क्रूमधल्या महिलांसाठी शौचालय किती अंतरावर, पाणी आहे का, कडी लागते का. पाच मिनिटांहून लांब असेल तर तात्पुरतं उभारा. मुख्य नायिकेची व्हॅनिटी व्हॅन हे सगळ्या महिलांसाठीचं उत्तर नाही, कारण रोजंदारीवरची मुलगी तिचं दार वाजवत नाही.

कॉल शीटच्या तळाशी रोज तीन ओळी छापा: तक्रार कुणाकडे करायची त्या दोघांची नावं आणि मोबाइल (एक तरी युनिटबाहेरचा), रात्री आठनंतर पॅकअप झाल्यास घरी सोडणाऱ्या गाडीची वेळ, आणि आजच्या लोकेशनवर रॅम्प-शौचालयाची सोय काय आहे. हाक नावाने मारायची, जातीवरून, रंगावरून, प्रांतावरून पडलेल्या टोपणनावाने नाही, हे शेड्यूलच्या पहिल्या दिवशी फर्स्ट एडीने माइकवरून सांगावं. ‘ए काळ्या’ किंवा ‘ए चिंकी’ प्रेमाने म्हणतो, असं उत्तर आलं तरी नियम तोच.

तक्रार आली तर

लैंगिक छळाची तक्रार थेट अंतर्गत समितीकडे जाते. मुदत घटनेपासून तीन महिने, कारण योग्य असल्यास आणखी तीन. चौकशी नव्वद दिवसांत. जात, वर्ण, प्रांत, अपंगत्व यांसाठी तीन जणांची वेगळी समिती करा आणि त्यात एक माणूस बाहेरचा ठेवा. तोंडी तक्रारही नोंदवा: तारीख, जागा, नेमके शब्द, कोण हजर होतं. चोवीस तासांत पोच द्या, तीन दिवसांत तात्पुरती व्यवस्था लावा, पंधरा दिवसांत निर्णय द्या. शेड्यूल वीस दिवसांचं असतं. तात्पुरती व्यवस्था न लावता चौकशीच चालू ठेवली तर पॅकअपनंतरच न्याय मिळतो.

तक्रार करणाऱ्याला हलवायचं नाही. समोर दिग्दर्शक असेल तर त्याला वीस दिवस घरी बसवणं अवघड असतं, हे मान्य. पण तक्रारदाराची हजेरी, काम आणि पेमेंट यांवरचा त्याचा अधिकार त्याच दिवशी काढून एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरकडे देता येतो, सूचना फर्स्ट एडीमार्फत जातील असं ठरवता येतं, आणि समितीचा एक माणूस सेटवर थांबवता येतो.

खरा सूड या धंद्यात वेगळ्या रीतीने उगवला जातो. कुणी कामावरून काढत नाही. पुढच्या प्रोजेक्टला फोन येत नाही, एवढंच. म्हणून तक्रारदाराचं नाव बारा महिने लक्षात ठेवा, फक्त समितीकडच्या बंद नोंदवहीत. त्या काळात त्याच्या विभागात किती भरती झाली, त्याला विचारलं गेलं का, नसेल तर कारण काय, हे दर तीन महिन्यांनी एचओडीकडून लेखी घ्या. साक्षीदारांसाठीही हेच करा. चॅनेलने किंवा दुसऱ्या निर्मात्याने त्या व्यक्तीबद्दल विचारणा केली तर उत्तर कामापुरतंच द्यायचं, तक्रारीचा उल्लेख नाही. हे उत्तर कोण देणार तेही आधी ठरवून, त्या एकाच माणसाकडे ठेवा.